यादी चढली की ईमेल निघाला पाहिजे: क्लाउड फंक्शनला ट्रिगर लावायचा कसा

थेट ग्राहकाला हापूस पाठवणाऱ्या बागायतदाराकडे हंगामात रोज संध्याकाळी एक यादी तयार होते. कुणाला किती पेट्या, फळ किती डझनी, कुठल्या गाडीने. गाडी सुटली की फोन घेऊन बसायचं. पुण्याच्या काकूंना कळवा, ठाण्याच्या काकांना कळवा, पेटी कुठून उचलायची ते सांगा. दिवसभर काढणी, निवड आणि पेट्या भरून दमलेल्या माणसाने रात्री दहाला हे करायचं म्हटल्यावर दोन-चार जण राहतातच. ज्यांचं राहतं त्यांचीच पेटी दोन दिवस पडून राहते आणि फळाला डाग पडतो.

हे काम संगणकाकडे सोपवता येतं आणि त्यासाठी स्वतःचा सर्व्हर लागत नाही. यादीची फाईल क्लाउडवर चढली की त्या घटनेने (इव्हेंटने) एक छोटा प्रोग्राम जागा होतो, यादी वाचतो, प्रत्येकाला ईमेल पाठवतो आणि बंद होतो. चालला तेवढ्या वेळाचाच हिशेब लागतो. अशा प्रोग्रामला सर्व्हरलेस फंक्शन म्हणतात, आणि त्याला जागं करणाऱ्या जोडणीला ट्रिगर.

थोडंफार पायथन येतं, पण क्लाउडवर कधी काही उभं केलेलं नाही, अशा वाचकासाठी हे लिहितोय. उदाहरण ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडचं घेतलंय. त्यांची लॅम्डा ही सेवा २०१४ पासून आहे, तिच्यावर शिकायला भरपूर साहित्य मिळतं, आणि त्यांचा मुंबई विभाग, म्हणजे तिथल्या संगणक-केंद्रांचा गट, २०१६ पासून चालू आहे. गुगल आणि मायक्रोसॉफ्टकडेही अशाच सेवा आहेत. तिथे नावं वेगळी असतील, अडचणी याच येतील.

ट्रिगर जोडणं हे दहा मिनिटांचं काम आहे. तोच इव्हेंट दोनदा आला तरी ग्राहकाला एकच ईमेल जावा, आणि काही अडलं तर ते आपल्याला त्याच रात्री कळावं, ही व्यवस्था लावायला खरा वेळ लागतो. शिकवणारे व्हिडिओ बहुतेक त्या पहिल्या दहा मिनिटांवर थांबतात. म्हणून मी जोडणीवर कमी आणि पुढच्या भागावर जास्त लिहिलंय.

घरचा संगणक का नको

कोकणात राहणाऱ्याला हे फार समजवावं लागत नाही. आंबा ऐन भरात असतो तेव्हाच, मे महिन्यात, वळवाच्या सरी येतात आणि लाईट जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. माळ्यावरच्या संगणकावर ग्राहकांना कळवायची जबाबदारी टाकणं म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ती अंगावर घेणं.

क्लाउडवर काम ठेवलं की आपल्याला फक्त फाईल चढवण्यापुरती रेंज लागते. ती मध्येच गेली तरी घोटाळा होत नाही. एस-थ्री या साठवणुकीत अर्धी चढलेली फाईल दिसतच नाही, आणि पूर्ण चढल्याशिवाय इव्हेंट सुटत नाही. सड्यावर, उंच माळावर जाऊन पुन्हा चढवा, एवढंच.

पायरी १: खातं उघडल्याबरोबर करायच्या गोष्टी

मुख्य खात्याला दोन टप्प्यांची ओळख-पडताळणी लावा आणि रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता तयार करा. मग बजेटचा इशारा लावा: महिन्याचा खर्च तुम्ही ठरवलेल्या रकमेपुढे गेला की ईमेल येईल. हा इशारा खर्च थांबवत नाही, फक्त कळवतो.

खर्चाची भीती मात्र बाळगू नका. लॅम्डाचे दरमहा पहिले १० लाख वापर आणि ४ लाख जीबी-सेकंद (मेमरी गुणिले चालण्याचा वेळ) मोफत आहेत. रोज ३०० ग्राहक आणि अडीच महिन्यांचा हंगाम धरला, तरी अख्ख्या हंगामात साडेबावीस हजार ईमेल होतात.

वरच्या उजव्या कोपऱ्यात विभाग म्हणून मुंबई निवडा आणि सगळं तिथेच करा. एका विभागात केलेली वस्तू दुसऱ्या विभागात दिसत नाही, आणि एस-थ्रीची बकेट (फाईली ठेवायचा डबा) व तिने जागं करायचं फंक्शन एकाच विभागात असावं लागतं. 'काल केलेलं फंक्शन आज गायब' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा त्या कोपऱ्यात असतं.

पायरी २: बकेट एक नव्हे, दोन

एक बकेट येणाऱ्या याद्यांसाठी. फंक्शनने यादी वाचून काही नवी फाईल लिहायची असेल, समजा रात्रीचा गोषवारा, तर ती दुसऱ्या बकेटमध्ये. दोन्ही एकत्र ठेवल्या तर फंक्शनने लिहिलेली फाईल हाच नवा इव्हेंट होतो, त्याने फंक्शन पुन्हा जागं होतं, ते पुन्हा फाईल लिहितं, आणि चक्र सुरू होतं. लॅम्डा असं चक्र ओळखून साधारण सोळा फेऱ्यांनंतर तोडते, पण त्या भरवशावर आखणी करू नये.

नव्या बकेटला बाहेरच्यांची वाट मुळातच बंद असते. ती तशीच राहू द्या. यादीत लोकांची नावं, पत्ते आणि मोबाइल नंबर आहेत.

पायरी ३: पहिल्या दिवशी फक्त इव्हेंट छापा

लॅम्डामध्ये पायथनचं नवं फंक्शन करा. ठरावीक वेळमर्यादा तीन सेकंदांची असते. ती एक मिनिट करा. जास्तीत जास्त १५ मिनिटं देता येतात. मेमरी १२८ एमबी असते. ती २५६ केली तर या कामाला पुरे.

आत एकच ओळ लिहा: आलेला इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या नोंदवहीत, छाप. मग 'ॲड ट्रिगर' दाबून एस-थ्री निवडा, आपली बकेट निवडा, आणि प्रकारात 'ऑल ऑब्जेक्ट क्रिएट इव्हेंट्स' घ्या. फक्त 'पुट' घेतलं तर छोट्या याद्या पोचतील, पण मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनी चढली की तिच्या इव्हेंटचं नाव वेगळं असतं आणि तुमचं फंक्शन झोपूनच राहतं.

आता एक फाईल चढवा आणि लॉग सांभाळणाऱ्या क्लाउडवॉच या सेवेतला लॉग उघडा. लॉग शांतपणे वाचा. त्यात एक यादी असते, तिच्यात बकेटचं नाव, फाईलचं नाव, आकार आणि वेळ असते. वेळ यूटीसीत असते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. फाईलच्या आतला मजकूर मात्र त्यात नसतो, आणि नवशिका पहिल्यांदा इथे अडतो. इव्हेंट फक्त 'अमुक फाईल आली' एवढं सांगतो. ती उघडून वाचणं फंक्शनचं काम.

फाईलच्या नावाकडे नीट बघा. 'देवगड यादी' असं नाव दिलं असेल तर लॉगमध्ये ते ओळखूही येणार नाही. मधल्या मोकळ्या जागेचं अधिकचिन्ह झालेलं असतं आणि 'देवगड' हा शब्द टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ झालेला असतो. चार अक्षरं आणि एक मात्रा मिळून पाच खुणा, प्रत्येक खुणेचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं: एकूण ४५ चिन्हं. हेच नाव जसंच्या तसं घेऊन फाईल मागितली की 'अशी फाईल नाही' असं उत्तर येतं, आणि माणूस परवानग्या तपासत बसतो. पायथनच्या युआरएललिबमध्ये 'अनकोट प्लस' नावाचं फंक्शन आहे. नाव त्याच्यातून काढून घ्या, मग मराठी नावाच्या फाईली बिनघोर चालतील. शेडमधल्या मुलांना 'इंग्रजीतच नाव द्या' असं बजावण्यापेक्षा हे बरं.

याच पडद्यावर नावाच्या शेपटीवरून गाळणी लावता येते: फक्त सीएसव्ही फाईलच घे, बाकीच्या सोड. कामाची वाटते, पण तिच्यात एक खोच आहे. संध्याकाळी शेडमधून फोन येतो, "ओ दादा, यादी चढवलंय, पण एकाक पण ईमेल गेलो नाय." लॉग उघडावा तर कोरा. चूक नाही, इशारा नाही. फाईलची शेपटी कॅपिटल अक्षरांत होती आणि गाळणीत लहान अक्षरं होती. गाळणीला हे दोन वेगळे शब्द वाटतात. जो इव्हेंट सुटलाच नाही त्याची नोंद आपल्या लॉगमध्ये उमटत नाही. म्हणून माझं मत असं: लहान कामात ही गाळणी लावूच नका. सगळे इव्हेंट फंक्शनपर्यंत येऊ द्या, फाईल कसली ते आत तपासा, आणि सोडून दिलीत तर 'ही फाईल सोडली, कारण अमुक' असं लॉगमध्ये लिहा.

पायरी ४: परवानग्या दोन दिशांच्या असतात

फंक्शनला बाहेर काय करता येईल, हे त्याचा रोल ठरवतो: ही बकेट वाच, त्या रांगेत (ती पुढच्या पायरीत येईल) टाक. फंक्शनला कोण जागं करू शकेल, हे फंक्शनवरच लावलेलं धोरण ठरवतं: ही बकेट मला हाक मारू शकते. पडद्यावरून ट्रिगर जोडला तर दुसरी परवानगी आपोआप लागते, त्यामुळे ती आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. कमांडने किंवा स्क्रिप्टने जोडायला गेलं की ती स्वतः द्यावी लागते आणि तिथे अडतं.

फंक्शन चाललं पण लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड' आलं, तर रोल बघा. फंक्शन चाललंच नाही, तर गाळणी आणि दुसरी परवानगी बघा. रोलमध्ये 'सगळं करू दे' अशी मोकळीक देऊन पुढे जायचा मोह होतो. तसं करू नका. एका बकेटचं वाचन आणि एका रांगेत लेखन, एवढंच या पहिल्या फंक्शनला लागतं.

पायरी ५: यादी फोडून रांगेत टाका

सोपा मार्ग असा दिसतो की याच फंक्शनने यादी वाचत जावी आणि एकेक ईमेल पाठवत जावा. आता १८० व्या ओळीवर ईमेलचा पत्ता चुकीचा निघाला आणि फंक्शन पडलं, असं समजा. एस-थ्रीकडून आलेला इव्हेंट लॅम्डा आणखी दोनदा चालवून बघते, आधी साधारण एका मिनिटाने, मग दोन मिनिटांनी. प्रत्येक वेळी सुरुवात पहिल्या ओळीपासून. पहिल्या १७९ जणांना तीन-तीन ईमेल आणि शेवटच्या १२० जणांना एकही नाही.

म्हणून काम दोन फंक्शनांत वाटा. पहिलं यादी वाचेल आणि प्रत्येक ओळ एसक्यूएस या निरोप सांभाळणाऱ्या सेवेच्या रांगेत टाकेल. एका वेळी दहा ओळी टाकता येतात. दुसरं फंक्शन रांगेवरून जागं होईल आणि ईमेल पाठवेल. एका ग्राहकाचा पत्ता चुकला तर त्याच्याच ओळीचं अडेल.

यादी एक्सेलमधून येत असेल तर जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार घ्यायला सांगा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. या प्रकारात एक्सेल फाईलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालतं, आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. 'ऑर्डर क्रमांक' हा रकाना डोळ्यांना दिसतो, पायथनला सापडत नाही. फाईल वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की खूण गळून पडते.

रांगेच्या चार जागा नीट बघून भरा.

रांगेतला निरोप एका फंक्शनने उचलला की तो काही वेळ बाकीच्यांना दिसत नाही. हा वेळ मुळात ३० सेकंदांचा असतो. तो दुसऱ्या फंक्शनच्या वेळमर्यादेच्या सहापट ठेवा, एडब्ल्यूएसची शिफारसही तीच आहे. कमी ठेवलात तर पहिलं काम चालू असतानाच दुसरं कुणी तोच निरोप उचलतं.

दुसरी जागा नापास निरोपांच्या वेगळ्या रांगेची. पाच वेळा उचलूनही काम झालं नाही तर निरोप तिथे जाऊन पडेल असं लावा. ही जोडणी मूळ रांगेवर करायची असते, फंक्शनवर नाही.

तिसरी: लॅम्डा रांगेतून एका वेळी दहापर्यंत निरोप उचलते. त्यातला एक नापास झाला तर मुळात सगळे दहा परत रांगेत जातात. 'रिपोर्ट बॅच आयटम फेल्युअर्स' ही खूण करा आणि फंक्शनमधून फक्त नापास निरोपांचे क्रमांक परत द्या. मग तेवढेच परत जातात.

चौथी, एका वेळी जास्तीत जास्त किती फंक्शनं चालावीत. किमान २ देता येतं, आणि सुरुवातीला तेच ठेवा. कारण ईमेलसाठी वापरायची एसईएस सेवा नव्या खात्याला सरावाच्या चौकटीत ठेवते: २४ तासांत २०० ईमेल, सेकंदाला एक, आणि तेही तुम्ही आधी पडताळलेल्या पत्त्यांवरच. चौकटीतून बाहेर काढण्यासाठी अर्ज करावा लागतो. तो हंगामाच्या बराच आधी करून ठेवा.

एसएमएस का नाही, असं विचाराल. भारतात व्यवसायाचे एसएमएस पाठवायला ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेवर नोंदणी, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची मंजुरी लागते. जरूर करा, पण ट्रिगर शिकताना ते कागद मध्ये आणू नका. ईमेल पोचायला लागला की निरोप पाठवणारा एक भाग बदलला की झालं.

पायरी ६: इव्हेंट दोनदा येणार, हे धरून चाला

एस-थ्री, एसक्यूएसची साधी रांग, आठव्या पायरीत येणारा इव्हेंटब्रिज शेड्यूलर, या सगळ्यांचं वचन 'निदान एकदा पोचवू' एवढंच आहे. 'एकदाच पोचवू' असं त्यातलं कुणी म्हणत नाही. त्यात माणसांची भर: दोन ग्राहक राहिले म्हणून सुधारलेली यादी पुन्हा चढवली जाते, आणि ते अगदी रास्त आहे. अशा वेळी फक्त त्या दोघांनाच ईमेल जायला हवा.

यासाठी डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल करा. किल्ली म्हणून ऑर्डर क्रमांक आणि निरोपाचा प्रकार एकत्र जोडून ठेवा, उदाहरणार्थ '४१२-रवाना'. ओळीचा क्रमांक किल्ली म्हणून घेऊ नका, सुधारलेल्या यादीत ओळी वरखाली होतात.

दुसऱ्या फंक्शनने ईमेल पाठवण्याआधी या टेबलात 'सुरू' अशी नोंद आणि वेळ लिहायची, पण अटीवर: ही किल्ली आधी नसेल तरच लिही. आधी वाचून मग लिहिणं चालत नाही, कारण दोन फंक्शनं एकाच क्षणी वाचतील, दोघांना 'नाही' दिसेल आणि दोघंही पाठवतील. अटीसह लिहिणं एका झटक्यात होतं. एकाला जमतं, दुसऱ्याला नकार मिळतो. ईमेल गेल्यावर नोंद 'झालं' अशी बदलायची.

नकार मिळाला तर नोंद वाचा. 'झालं' असेल तर निरोप निकालात काढा. 'सुरू' असेल आणि वेळ ताजी असेल, तर दुसरं कुणीतरी काम करतंय. निरोप नापास म्हणून परत द्या, तो थोड्या वेळाने पुन्हा येईल. 'सुरू' असून फंक्शनच्या वेळमर्यादेपेक्षा जुनी असेल, तर आधीचं फंक्शन मध्येच पडलंय. मग 'नोंदीतली वेळ अजून मला दिसली तीच असेल तरच' अशी अट घालून वेळ ताजी करा, आणि ते जमलं तरच पाठवा.

एक फट तरीही उरते. ईमेल गेला, आणि 'झालं' लिहिण्याच्या आत फंक्शन पडलं, तर एक ईमेल जास्तीचा जाईल. पेटी निघाल्याचा निरोप दोनदा गेला तर ग्राहक रागावणार नाही, अजिबात गेला नाही तर आंबा खराब होईल. म्हणून इथे शंका आली की पाठवायचं, हे मला पटतं. पैसे कापायचे असतील तर नेमकं उलट करा: शंका आली की थांबा आणि माणसाला विचारा. हा निर्णय कोड लिहिणाऱ्याने एकट्याने घेऊ नये, ज्याचा धंदा आहे त्याच्याशी बोलून घ्यावा.

टेबलातल्या नोंदींना कालबाह्य होण्याची तारीख लावता येते. चार महिने पुढची तारीख लावा, म्हणजे मागच्या हंगामाची अडगळ आपोआप निघून जाईल.

पायरी ७: अडलं तर कळलं पाहिजे

पहिलं फंक्शन तिन्ही प्रयत्नांत नापास झालं, तर लॅम्डा तो इव्हेंट टाकून देते. तो वाचवायचा असेल तर फंक्शनच्या सेटिंगमध्ये 'अपयश आलं तर इथे पाठव' म्हणून एक रांग जोडा. दुसऱ्या फंक्शनच्या नापास निरोपांची रांग आपण मघाशी केलीच. या दोन्ही रांगांवर क्लाउडवॉचचा अलार्म लावा: एकही निरोप पडला की मला ईमेल कर. रांग करून अलार्म न लावणं ही इतकी सर्रास आढळणारी गोष्ट आहे की ती वेगळी सांगावी लागते. मुळात रांगेतला निरोप चार दिवसच टिकतो. नापास रांगेची मुदत वाढवून १४ दिवस करा, जास्तीत जास्त तेवढीच मिळते.

लॉगचंही उलट्या बाजूने बघा. क्लाउडवॉच लॉग कायमचे ठेवतं. मुदत ३० दिवस करा, आणि लॉगमध्ये मोबाइल नंबर, पत्ते छापू नका. ऑर्डर क्रमांक छापला की शोधायला पुरतो.

हे सगळं करूनही कॅपिटल अक्षरांच्या फाईलसारखी गोष्ट अलार्मच्या हाती लागत नाही, कारण काही नापास झालेलंच नसतं. तिच्यासाठी घड्याळ लागतं.

पायरी ८: घड्याळाचा ट्रिगर

इव्हेंटब्रिज शेड्यूलर फंक्शनला ठरलेल्या वेळी जागं करतो. जुन्या इव्हेंटब्रिज नियमांत वेळ यूटीसीतच लिहावी लागते. सकाळी सहासाठी मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. २०२२ मध्ये आलेल्या शेड्यूलरमध्ये वेळेचा पट्टा निवडता येतो, तिथे 'एशिया-कोलकाता' घ्या आणि आपल्या घड्याळाप्रमाणे लिहा. क्रॉनच्या, म्हणजे वेळापत्रक लिहायच्या, ओळीत सहा रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, वर्ष. तारीख आणि वार या दोघांपैकी एकाच्या जागी प्रश्नचिन्ह द्यावंच लागतं, नाहीतर ओळ स्वीकारली जात नाही.

पहिलं घड्याळ रात्री नऊचं. एक छोटं फंक्शन बघेल की आज यादी आली का, तिच्यात किती ऑर्डर होत्या, आणि त्यातल्या कितींची टेबलात 'झालं' अशी नोंद आहे. मग बागायतदाराला एक ओळ जाईल: 'आज २१२ ऑर्डर, २१० निरोप गेले, हे दोन राहिले.' सगळं सुरळीत असलं तरी ही ओळ रोज जाऊ द्या. ती आली नाही, हाच मग इशारा होतो.

दुसरा उपयोग मला फार आवडतो. हापूस कच्चा जातो आणि घरी अढीत पिकतो. पेटी मिळाल्यावर ठरावीक दिवसांनी ती उघडून तयार फळं वेगळी काढायची असतात, आणि शहरातले लोक नेमकं तेच विसरतात. शेड्यूलरला एकदाच वाजणारं घड्याळही लावता येतं. 'रवाना'चा ईमेल गेला की दुसऱ्या फंक्शनने त्या ऑर्डरसाठी एक घड्याळ तयार करायचं: बागायतदार सांगेल तितक्या दिवसांनी, सकाळी आठ वाजता, त्याच एसक्यूएस रांगेत '४१२-उघडा' असा निरोप टाक. निरोप त्याच रांगेतून, त्याच फंक्शनमधून, त्याच टेबलाच्या पहाऱ्यातून जातो; नवीन काही बांधावं लागत नाही. घड्याळाला ऑर्डर क्रमांकाचं नाव द्या, म्हणजे तेच घड्याळ दुसऱ्यांदा करायला गेलं की नकार मिळेल. 'काम झाल्यावर घड्याळ पुसून टाक' हा पर्याय निवडायला विसरू नका.

शेड्यूलर मुळात अपयश आलं तर २४ तासांपर्यंत, १८५ वेळा प्रयत्न करतो. सकाळी आठची आठवण दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन उपयोग नाही. ती मुदत दोन तासांवर आणा.

पायरी ९: आता सगळं एका फाईलीत लिहा

इथपर्यंत पडद्यावर बटणं दाबून केलं, ते शिकण्यासाठी योग्यच. पण पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या काकांनाही हेच हवं झालं, तर कुठली खूण कुठे केली होती ते कुणाला आठवणार? एडब्ल्यूएसचं सॅम हे साधन यासाठी आहे. एका यॅमल (साध्या मजकुरातल्या सेटिंगच्या) फाईलीत बकेट, रांगा, टेबल, फंक्शनं आणि त्यांचे ट्रिगर लिहायचे, 'सॅम डिप्लॉय' चालवायचं. पहिल्यांदा 'गाइडेड' हा पर्याय जोडलात तर ते एकेक प्रश्न विचारत नेतं.

प्रत्येक फंक्शनखाली 'इव्हेंट्स' असा भाग असतो, तिथे ट्रिगर लिहिला की चौथ्या पायरीतली दुसरी परवानगी सॅम स्वतः लावतं. एस-थ्रीच्या ट्रिगरसाठी मात्र बकेटही त्याच फाईलीत लिहिलेली असावी लागते. आधी हाताने केलेली बकेट तिथे चालत नाही, म्हणून नवी बकेट होऊ द्या आणि जुनी रिकामी करून काढून टाका.

ही फाईल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. त्यानंतर पडद्यावरून काहीही बदलू नका, अगदी वेळमर्यादासुद्धा नाही. फाईलीत एक आणि प्रत्यक्षात दुसरं अशी स्थिती झाली की पुढच्या डिप्लॉयला कोणतं टिकेल याचा नेम नाही, आणि ते बहुधा ऐन एप्रिलमध्ये उघड होतं.

चाचणीसाठी 'सॅम लोकल जनरेट-इव्हेंट' ही कमांड एस-थ्रीचा नमुना इव्हेंट तयार करून देते. त्यात फाईलचं नाव बदलून मराठी घाला, मोकळी जागा घाला, शेपटी कॅपिटल करा. तोच इव्हेंट लागोपाठ दोनदा पाठवा. यादीत मुद्दाम एक चुकीचा पत्ता ठेवा आणि बाकीच्यांचे ईमेल गेले का, नापास रांगेत एकच निरोप पडला का, अलार्मचा ईमेल आला का, हे तिन्ही बघा. यातलं एकही चुकलं तर खऱ्या ग्राहकांची यादी अजून चढवू नका.

मृग लागल्यावर

जूनमध्ये आंबा संपतो, पण लॅम्डा रांगेला 'काही आहे का' असं विचारतच राहते, आणि रांग रिकामी असली तरी ते विचारणं एसक्यूएसच्या हिशेबात मोजलं जातं. म्हणून हंगाम संपला की रांगेचा ट्रिगर बंद करा. पुसू नका, फक्त 'डिसेबल' करा, आणि तेही सॅमच्या फाईलीतून. रात्री नऊचं घड्याळही बंद करा. ऐन हंगामात काही बिघडून तातडीने थांबवायचं झालं, तरी हाच रांगेचा ट्रिगर बंद करायचा: निरोप रांगेत सुरक्षित राहतात, मुदतीच्या चार दिवसांत दुरुस्ती झाली की पुन्हा चालू करायचा. पहिलं फंक्शन थांबवायचं असेल तर त्याची राखीव समांतर संख्या ('रिझर्व्ह्ड कन्करन्सी') शून्य करा. मग लॅम्डा त्याचे नवे इव्हेंट पुन्हा प्रयत्न न करता थेट सातव्या पायरीतल्या अपयशाच्या रांगेत टाकते, आणि तिथून ते आपल्याला पुन्हा चालवावे लागतात. घाई असल्याने हे पडद्यावरून केलंत, तर प्रकरण निवळल्यावर मूळ स्थितीत आणायला विसरू नका.

फेब्रुवारीत पहिली पेटी निघायच्या आधी सगळं पुन्हा चालू करा, स्वतःच्या पत्त्याची एका ओळीची यादी चढवा, आणि ईमेल येईपर्यंत लॉग उघडा ठेवा.